वाटणासुर आणि दोन हजार पाचशे एकवीस माणसं

ऐका हं. एकदा काय झालं, एका राजाची नदीच आटली. राजाचं नाव जयवंत, गावाचं नाव केवडापूर आणि नदीचं नाव दुधाळी. आधी पाणी गुडघ्याला आलं, मग घोट्याला आलं, मग नुसती वाळू राहिली. बायका वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. एक घागर भरायला सकाळची दुपार व्हायची.

गावाजवळ एक मोठा डोंगर होता आणि डोंगरापलीकडे दुसरी नदी होती, बारा महिने वाहणारी. मग जायचं ना सगळ्यांनी तिकडे? पण वाट एकच होती, काळखिंडीतून. आणि काळखिंडीत बसला होता वाटणासुर.

वाटण म्हणजे आपलं खोबऱ्याचं वाटण नव्हे, बरं का. हा वाटणी करणारा असुर. ताडाएवढा उंच, हात एवढे लांब की बसल्या बसल्या दोन्हीकडच्या कड्यांना टेकायचे. त्याला एक वर मिळाला होता. खिंडीत जेवढी माणसं येतील तेवढ्यांच्या त्यानं रांगा लावायच्या. सगळ्या रांगा सारख्या झाल्या, एकही माणूस उरला नाही, की त्यातली एक रांग त्याची. तो नुसती फुंकर मारायचा आणि रांगेतली माणसं दगड व्हायची. नाही गं शमे, खात नव्हता. दगडच करायचा. मात्र त्याला दोन अटी होत्या. एकेकट्या माणसाची रांग धरायची नाही, आणि सगळ्यांची मिळून एकच रांग, तीही धरायची नाही. आणि सारख्या रांगा होईनात, तर त्यानं मुकाट्यानं वाट सोडायची.

हे गावाला आधी कुठं माहीत होतं? पहिल्यांदा साठ माणसं गेली. वाटणासुरानं त्यांच्या दोन रांगा केल्या, तीस आणि तीस. फू करून एक रांग दगड केली. उरलेली तीस माणसं धावत परत आली आणि झालेलं सगळं त्यांनी सांगितलं.

मग लोक म्हणाले, दोन सारख्या रांगा होणारच नाहीत असे जाऊ. म्हणून एक्क्याण्णव माणसं गेली. त्यात धुरपदाबाईची लेक होती, मैना. धुरपदाबाई म्हणजे गावातली लुगडी विणणारी बाई, एकटी, पन्नाशीची. मैना म्हणजे तिचं सगळं काही. तर वाटणासुरानं एक्क्याण्णव माणसं बघितली. दोन रांगा होईनात. तीन होईनात. चार, पाच, सहा, काही होईना. लोकांच्या जिवात जीव यायला लागला. मग त्यानं सात रांगा केल्या. तेरा, तेरा, तेरा, सातही रांगा सारख्या. एकही माणूस उरला नाही. आणि त्यानं जी रांग उचलली, तीत मैना होती.

धुरपदाबाईला लोकांनी येऊन सांगितलं. ती माग सोडून उठली नाही. धाग्याचा धोटा हातात धरून तशीच बसून राहिली.

मग तिसऱ्यांदा सात जण गेले. सात जणांच्या काही केल्या सारख्या रांगा होईनात. वाटणासुराला त्यांना सोडावं लागलं. सातही जण पलीकडे पोहोचले आणि त्यांनी डोंगरावर धूर करून गावाला कळवलं. गावात लोक नाचायला लागले. आता काय, सात सात जण जाऊ आणि सुटू.

पण वाटणासुर चिडला. त्याचा आवाज गावापर्यंत आला. घरांची कौलं थरथरली.

"हे पाच पाच, सात सात येणं बंद. येत्या पौर्णिमेला सकाळी सगळं गाव एकदम येईल. एक जरी माणूस मागं राहिला, तर सगळ्यांना दगड करीन. आलात की मी रांगा लावीन."

पौर्णिमेला राहिले होते पाच दिवस.

राजानं गाव मोजायला घेतलं. अंगावरची पोरं मोजली, म्हातारेकोतारे मोजले, स्वतःला मोजलं, राणीला मोजलं. मोजणी झाली दोन हजार पाचशे वीस.

धुरपदाबाईनं तो आकडा ऐकला आणि तिचा चेहरा उतरला. लुगड्याचा चौकडा विणायचा तर धागे सारखे वाटावे लागतात ना? त्यामुळे कुठला आकडा कसा वाटला जातो हे तिच्या बोटांना कळायचं. तरी तिनं खात्री करायची ठरवली. आळीतल्या बायकांना घेऊन तिनं दोन हजार पाचशे वीस चिंचोके गोळा केले आणि अंगणात रांगा लावायला बसली. दोन रांगा, सारख्या. तीन रांगा, सारख्या. चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. सगळ्या सारख्या, बाळांनो. एक चिंचोका म्हणून उरला नाही. वाटणासुराला पाहिजे तशी वाटणी करता येईल असा तो आकडा.

राजा तिथंच उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "धुरपदाबाई, मी एकटा कड्यावरून उडी टाकतो. एक माणूस कमी होईल. मग तर वाटणी होणार नाही?"

राणीनं तोंडाला पदर लावला. धुरपदाबाई म्हणाली, "थांबा महाराज, आधी बघू द्या."

तिनं एक चिंचोका बाजूला ठेवला. आता रांगा वेड्यावाकड्या व्हायला लागल्या. दोन नाही, तीन नाही, दहापर्यंत एकही नाही. सगळ्यांना वाटलं, सुटलो. मग तिनं अकरा रांगा लावल्या आणि अकराही रांगा सारख्या झाल्या.

"उपयोग नाही, महाराज," ती म्हणाली. "तुम्ही जिवानिशी जाल आणि आम्ही दगड होऊ."

मग तिनं बाजूला ठेवलेला चिंचोका परत घेतला आणि वर आणखी एक टाकला. झाले दोन हजार पाचशे एकवीस. आता बघा हं गंमत. आधीचा आकडा दोनपासून दहापर्यंत सगळ्यांना सारखा वाटला जात होता ना? मग एक वाढला की काय होणार? दरवेळी एक उरणार. दोन रांगा लावल्या, एक उरला. तीन लावल्या, एक उरला. दहापर्यंत तसंच. अकराला दोन उरले. तेराला बारा उरले. बायका रांगा लावत राहिल्या, मोडत राहिल्या. तीन दिवस तेच चाललं. शेवटी धुरपदाबाई पाठीला हात लावून उठली आणि म्हणाली, "हा आकडा हट्टी आहे. हा कुणाला वाटू देत नाही. आपल्याला एक माणूस जास्त पाहिजे."

एक माणूस! सोपं वाटलं ना? पण आणायचा कुठून?

राजा वेशीवर जाऊन उभा राहिला. म्हणाला, येईल त्या वाटसरूला विनवू. पण दुष्काळातल्या गावाला कोण येतंय? सकाळभरात एक औषधं विकणारा वैदू आला. वाटणासुराचं नाव ऐकलं आणि गाठोडं डोक्यावर घेऊन आल्या पावली परत गेला.

मग कुणाला तरी गजराची आठवण झाली. गजराचे दिवस भरत आले होते. सगळे तिच्या दारात. म्हाळसा सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "अजून आठ दिवस आहेत. माझ्याकडे काय बघता? घाई करून होतं का ते?" लोक खाली मान घालून परत फिरले.

पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आली. राजा देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. तेव्हा धुरपदाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, एक माणूस आहे. तुम्ही मोजला नाहीत. मीही मोजला नाही."

राजानं वर बघितलं. त्याला कळलं ती कुणाबद्दल बोलते आहे. सगळ्या गावाला कळलं.

धुरपदाबाईला एक भाऊ होता, निंबाजी. विहिरी खणणारा. जमिनीला कान लावून पाणी किती खोल आहे ते सांगायचा. बारा वर्षांपूर्वी त्यानं भर सभेत सांगितलं होतं, की ही नदी आटणार आहे, आत्तापासून विहिरी खणा. तेव्हा नदी दुथडी भरून वाहत होती. लोक चिडले. म्हणाले, हा अभद्र बोलतो, यानंच काहीतरी वाईट होईल. राजानं त्याला गावाबाहेर काढलं. आणि धुरपदाबाई? ती सभेत बसली होती. एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून तो माळावरच्या एका कपारीत राहत होता आणि त्याचं नाव गावात कुणी काढत नव्हतं.

धुरपदाबाई भर उन्हात माळ चढून गेली. निंबाजी कपारीपाशी दगड रचत बसला होता. दाढी पांढरी झाली होती. त्यानं खडकात एक लहानसा झरा खणला होता, एका माणसापुरता. त्यातलं पाणी त्यानं करवंटीत घेतलं आणि तिच्यापुढं धरलं.

"आधी पाणी पी, अक्का. मग बोल."

ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "निंबा, गावाला एक माणूस कमी पडतोय."

"बारा वर्षं तर कमी पडला नाही."

"खरं आहे तुझं." ती खाली बसली. "त्या दिवशी तुझ्या बाजूनं मी बोलायला हवं होतं. लोकांना भ्यायले. नंतर यायची लाज वाटायला लागली. दर भाऊबीजेला ताट करायची आणि तशीच बसायची. तू आलास तर गाव वाचेल. नाही आलास तर मी तुला बोल लावणार नाही."

त्यानं करवंटी झऱ्यात बुडवून परत भरली. मग त्यानं विचारलं, "मैना केवढी झाली?"

"माझ्याएवढी झाली होती," धुरपदाबाई म्हणाली. "खिंडीत दगड होऊन उभी आहे."

निंबाजीनं करवंटी खाली ठेवली. मैना चार वर्षांची असताना त्यानं तिला शेवटची बघितली होती. तो उठला. खांद्यावर पहार टाकली आणि म्हणाला, "चल."

वेशीवर राजा उभा होता. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "निंबाजी, मी चुकलो." निंबाजी म्हणाला, "ते पुढं बघू, महाराज. उद्या लवकर निघायचं आहे."

मग पौर्णिमा उजाडली. सगळं गाव निघालं. कुणी म्हाताऱ्याला पाठुंगळी घेतलं, कुणी पोराला खांद्यावर. गजरा म्हाळसाचा हात धरून हळूहळू चालत होती. खिंडीत पोचले तर तिथं दगड झालेली माणसं रांगेत उभी. धुरपदाबाई एका दगडापाशी थांबली, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि पुढं गेली.

वाटणासुर वाटच बघत होता. त्यानं बसल्या जागेवरून रोज केवडापुरावर नजर ठेवली होती. गावात किती माणसं आहेत ते त्यानं राजाच्याही आधी मोजलं होतं.

धुरपदाबाई म्हणाली, "असुरा, तुला वर मिळालेला आहे, तेव्हा दिलेला शब्द पाळत असशील. आम्ही सगळे आलो आहोत. तुझ्या रांगा सारख्या झाल्या तर एकच काय, सगळ्या रांगा घे. पण झाल्या नाहीत, तर ही दगड झालेली माणसं सोडायची आणि खिंडीतून कायमचं जायचं."

वाटणासुर एवढा हसला की कड्यावरून माती घरंगळली. "दिला शब्द," तो म्हणाला.

मग त्यानं लांब हातांनी माणसं उचलून दोन रांगा केल्या. एक माणूस उरला. निंबाजी शेवटी उभा होता, तोच उरला. वाटणासुरानं डोळे चोळले. तीन रांगा केल्या. निंबाजी उरला. चार केल्या, पाच केल्या. दरवेळी रांगा भरायच्या आणि निंबाजी एकटाच बाजूला. दहा रांगांना सुद्धा तसंच. मग अकरा रांगा लावल्या तेव्हा मात्र दोघं उरले, निंबाजी आणि त्याच्या शेजारी उभी असलेली धुरपदाबाई.

"हा कुठून आला?" वाटणासुर ओरडला.

"आमच्याच गावचा आहे," राजा म्हणाला.

वाटणासुर हट्टाला पेटला. बारा, तेरा, चौदा, पंधरा. माणसं उचलायची, ठेवायची, परत मोडायची. ऊन डोक्यावर आलं. सतरा, अठरा, एकोणीस. कधी पाच उरायचे, कधी तेरा उरायचे, पण कुणीतरी उरायचंच. वीस झाले, तीस झाले. ऊन कलायला लागलं. आणि तेवढ्यात काय झालं सांगू? म्हाळसा सुईण गर्दीतून वाट काढत धुरपदाबाईपाशी आली आणि कानात म्हणाली, "गजराला कळा सुरू झाल्या."

मुलं काही सुईणीला विचारून येत नाहीत.

धुरपदाबाईनं मनात मोजलं. बाळ जन्मलं तर एक वाढणार. दोन हजार पाचशे बावीस. त्याच्या तर दोन रांगा होतात, अगदी सारख्या. ती हळूच म्हणाली, "किती वेळ आहे?" म्हाळसा म्हणाली, "थोडाच."

वाटणासुर चाळिसावर पोचला होता. एक्केचाळीस. वीस उरले. त्रेचाळीस. सत्तावीस उरले. सत्तेचाळीस. तीस उरले. गजरानं पदराचा बोळा दातांत धरला होता. तिच्याभोवती बायका दाटीनं उभ्या राहिल्या. एकोणपन्नास रांगा झाल्या, पन्नास रांगा झाल्या, काही होईना. आणि वाटणासुर म्हणाला, "आता एक्कावन्न. मग बावन्न. मला घाई नाही. शंभरापर्यंत बघीन, हजारापर्यंत बघीन."

तेव्हा धुरपदाबाई पुढं झाली.

"कशाला दमतोस, असुरा? पन्नासाच्या पुढं बघायला काही उरलेलंच नाही."

"का नाही?"

तिनं बारा पोरं बोलावली आणि चारचार पोरांच्या तीन रांगा केल्या. "किती रांगा?"

"तीन."

"आता इकडं ये. बाजूनं बघ."

वाटणासुर वाकून बाजूनं बघायला लागला. बाजूनं बघितलं तर तीनतीन पोरांच्या चार रांगा दिसत होत्या. पोरं तीच, जागा तीच.

"दिसलं?" धुरपदाबाई म्हणाली. "तीन रांगा सारख्या झाल्या की चार रांगा आपोआपच झाल्या. आता आमच्याकडे बघ. पन्नासपन्नासांच्या पन्नास रांगा म्हणजे अडीच हजार. आम्ही त्याहून एकवीसच जास्त. तू एक्कावन्न लाव नाहीतर हजार लाव, पन्नासाहून जास्त रांगा लावल्यास तर एकेका रांगेत पन्नासाहून कमीच माणसं येणार. खरं का?"

वाटणासुरानं बोटांवर मोजलं. "खरं."

"मग ते बाजूनं बघ. त्या पन्नासाहून कमी रांगा होतात. आणि पन्नासापर्यंतच्या सगळ्या रांगा तू स्वतःच्या हातांनी लावून बघितल्यास. एक तरी वाटणी सारखी झाली?"

वाटणासुर परत वाकला. त्यानं पोरांकडे समोरून बघितलं, बाजूनं बघितलं. गजराच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला आणि म्हाळसानं तिला घट्ट धरलं.

"नाही झाली," वाटणासुर म्हणाला. "हा आकडा मला वाटता येत नाही. मी हरलो."

हे शब्द त्याच्या तोंडून निघाले आणि एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून बाळ रडलं. ट्यँहँ करून. वाटणासुर दचकला. पण शब्द तर देऊन झाला होता. धुरपदाबाई मटकन खाली बसली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला एकदम आलं.

वाटणासुरानं दगडांवर उलटी फुंकर मारली. दगड आधी कोमट झाले, मग त्यांचे डोळे उघडले, मग कुणी जांभई दिली, कुणी पाय झाडले. मैना इकडंतिकडं बघत म्हणाली, "आई, एवढी माणसं कशी आली?" धुरपदाबाईनं लेकीला जवळ ओढलं. मग मैनेनं शेजारच्या पांढऱ्या दाढीच्या माणसाकडे बघितलं. तो म्हणाला, "मी तुझा मामा."

आणि वाटणासुर उठला. शंभर वर्षं एका जागी बसला होता बिचारा, त्याचे गुडघे कडाकडा वाजले. उत्तरेच्या डोंगरांकडे तोंड करून तो चालायला लागला. सगळा दिवस माणसं उचलून त्याचे खांदे दुखत होते. मला वाटतं, त्यालाही सुटल्यासारखंच वाटलं असणार.

मग सगळे खिंडीतून पलीकडे उतरले. खाली नदी होती, काठोकाठ वाहणारी. ते सात जण काठावर वाटच बघत होते. पोरं कपड्यांसकट पाण्यात शिरली. म्हातारे काठावर बसून ओंजळीनं पाणी प्यायले, पोट भरलं तरी पीत राहिले. राजा म्हणाला, आता किती माणसं झाली ती मोजू या. धुरपदाबाई म्हणाली, "नंतर मोजा, महाराज. आधी चुली पेटवा. पोरं भुकेली आहेत."

मग भात शिजला, पिठलं झालं. गजराच्या मुलीला सगळ्यांनी एकेकदा मांडीवर घेतलं. पुढं निंबाजीनं त्या नव्या गावात तीन विहिरी खणल्या, आणि भाऊबीजेचं ताट दरवर्षी त्याच्यापुढं आलं. मैनेचं लग्न झालं. राजा म्हातारा झाला. नदी काही आटली नाही.

असे ते सगळे सुखानं राहिले. झोपली वाटतं शमी? बरं झालं. तूही कुशीवर वळ आता, आणि डोळे मीट.